मांजर दुखणं अंगावर काढतं

पत्र:

डॉक्टर, आम्ही शनिवार पेठेत राहतो. आमची मनी 11 वर्षांची आहे. ओंकारेश्वरापाशी पावसात भिजत बसलेलं पिल्लू मुलाने शाळेच्या दप्तरात घालून आणलं होतं, तीच ही. गेला महिनाभर ती न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालून पाणी पिते. आधी असं कधी करायची नाही. जेवते व्यवस्थित, पण पाठीवरून हात फिरवला की कणा लागतो. सकाळी दुधाची पिशवी फोडायला घेतली की उडी मारून ओट्यावर यायची, आता खालीच बसून वर बघत राहते. मुलगा म्हणतो, आई, वय झालं तिचं.

मला भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. दोन वर्षांपूर्वी आमचा भुऱ्या, 6 वर्षांचा बोका, दीड दिवसात गेला. सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता. मला वाटलं पोट साफ होत नाही, म्हणून चमचाभर एरंडेल दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. नक्की काय झालं, आणि मला ते कळायला हवं होतं का, हे कुणी सांगितलंच नाही. मनीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही. काय बघू, कधी धावू, तेवढं सांगा.

– एक वाचक, शनिवार पेठ

ताई,

मनीला या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. माझं बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण वेळ घेण्याचा फोन आधी करा. मुलगा म्हणतो ते तुम्हाला धीर द्यायलाच म्हणत असणार, पण वय हा आजार नाही. 11 वर्षांचं मांजर म्हणजे आपल्यातलं साठीचं माणूस. साठीची बाई महिन्याभरात हाडं लागेपर्यंत उतरली आणि घसा कोरडा पडल्यासारखी पाणी प्यायला लागली, तर आपण तिला घरी बसवून ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबमध्ये नेतो.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत मला सगळ्यांत बोलकी वाटली ती बादली. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. कमी पाण्यात भागवायचं आणि लघवी घट्ट करून पाणी राखायचं, हे त्याच्या मूत्रपिंडांना उत्तम जमतं. म्हणून ज्या मांजराला वर्षानुवर्षं आपण भांड्याशी फारसं पाहिलेलं नाही, ते एकदम बादलीशी दिसायला लागलं की समजायचं: शरीरातून पाणी जास्त जातंय, आणि गेलेलं भरून काढायला ते पितंय. ट्रेमधले मातीचे गोळे मोठे आणि जास्त व्हायला लागलेत का, तेही आठवून बघा. फार पिते आणि फार ओलं करते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. तसं चुकूनही करू नका. पाणी काढून घेतलंत तर एक-दोन दिवसांत ती ढेपाळेल.

म्हाताऱ्या मांजराला तहान वाढली आणि वजन उतरलं, की आम्ही प्रामुख्याने तीन दुखणी शोधतो. पहिलं मूत्रपिंडांचं. यात हळूहळू भूक मंदावते, मधूनच उलटी होते, तोंडाला वास यायला लागतो. दुसरं थायरॉइडचं. यात मांजर खातं, कधीकधी पूर्वीपेक्षा जास्त खातं, तरी झडतच जातं. रात्री उगाच ओरडत फिरतं, एका जागी ठरत नाही. तिसरा मधुमेह. तो बरेच दिवस अंगात राहिला तर काही मांजरं मागच्या पायांची टाच टेकवून चालायला लागतात, सशासारखी. मनी व्यवस्थित जेवते असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे थायरॉइड आणि साखर या दोन्ही गोष्टी माझ्या मनात आल्या. पण पत्रावरून निदान करणं तिच्या जिवाशी खेळणं होईल. रक्त, लघवी आणि रक्तदाब या तिन्ही तपासण्या एकदमच करून घ्या. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा), साखर आणि टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक) बघायला सांगा, आणि जमत असेल तर एसडीएमए, ही मूत्रपिंडांचीच आणखी एक रक्ततपासणी. क्रिएटिनिन हा उशिरा बोलणारा आकडा आहे. मूत्रपिंडांचं साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत तो वाढलेला दिसत नाही. एसडीएमए त्याच्या आधी इशारा देतं. म्हणून क्रिएटिनिन नॉर्मल आलं तरी लघवीची घनता, म्हणजे ती किती घट्ट आहे, हे बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नका.

ओट्यावरची उडी बंद झाली हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. सांधे धरलेलं मांजर कुत्र्यासारखं लंगडत नाही, ते उंच जागा सोडून देतं. ओटा, मग खिडकी, मग पलंग. घरातल्यांना वाटतं, आता शांत झालीये. पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू झडले तरी हेच होतं.

दवाखान्यात जाण्याआधी एक काम घरी करता येईल. एक दिवस बादलीवर पाट ठेवा, नळ ठिबकत असेल तर बंद करा, आणि मोजून पाणी भरलेलं एकच भांडं मनीपुढे ठेवा. संपलं तर पुन्हा मोजून भरा. तिला पाणी कमी पडू द्यायचं नाही, फक्त किती प्यायली ते मोजायचं. 24 तासांनी उरलेलं मोजा. कोरडं कॅटफूड खाणारं मांजरसुद्धा किलोमागे 50 मिलीच्या आसपासच पितं, आणि ओलं खाणारं त्याहून कितीतरी कमी. हा आकडा किलोमागे 100 मिलीच्या वर गेला, म्हणजे 3 किलोची मनी दिवसाला 300 मिली प्यायली, तर नक्की आजार आहे असं धरून चालायचं. 'खूप पाणी पिते' या तीन शब्दांपेक्षा त्या आकड्याचा डॉक्टरांना खूप जास्त उपयोग होतो.

आता भुऱ्याचं.

तुम्ही विचारलंय म्हणून खरं ते सांगते. माझा अंदाज असा की त्याची लघवी अडली होती. बोक्याची मूत्रनळी लांब असते आणि टोकाशी अगदी निमुळती होते. बारीक खडे आणि चिकट स्राव यांचा बोळा तिथे अडकतो किंवा नळी सुजून आवळते, आणि थेंबही बाहेर पडत नाही. मूत्राशय भरत जाऊन मोसंबीसारखं टणक होतं. लघवीवाटे जायला हवं ते पोटॅशियम रक्तात साठतं आणि त्याने हृदयाची लय बिघडते. पूर्ण अडलेला बोका उपचार न मिळता दोन-तीन दिवस काढतो, आणि आपल्या लक्षात येतं तेव्हा त्यातला बराच वेळ गेलेला असतो.

बोका ट्रेमध्ये जातो, बसतो, कुंथतो, बाहेर येतो, पुन्हा जातो. आपल्याला वाटतं बद्धकोष्ठ. लघवीसाठी कुंथणारा बोका आणि शीसाठी कुंथणारा बोका दिसायला इतके सारखे असतात की रोज मांजरं पाहणारेही फसतात. मी दवाखाना नवीन उघडला होता तेव्हा रात्री साडेदहाला एका गृहस्थांचा फोन आला, बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय म्हणून. मी विचारलं, खातोय का? म्हणाले, थोडं खाल्लं. मी म्हणाले, सकाळी घेऊन या. सकाळी आणला तेव्हा तो टॉवेलमध्ये आडवा होता, पंजे गार पडलेले, नाडी मंद. नळी घातली, सलाईन लावलं, पण दुपारी तो गेला. त्या गृहस्थांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. तेव्हापासून अशा फोनवर मी पहिला प्रश्न एकच विचारते: आज लघवी झालेली तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिली का? उत्तर 'नाही' किंवा 'नक्की सांगता येत नाही' असं आलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी या म्हणते.

एरंडेलाने भुऱ्या गेला नाही. त्याने उपयोग झाला नाही, एवढंच. तुम्हाला कळायला हवं होतं का? सांगणारं कुणी नसताना ते कळणं कठीण होतं. ज्यांनी त्याला शेवटी पाहिलं त्यांनी तुम्हाला बसवून हे सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. आता तुम्हाला माहीत आहे. तुमच्या शेजारी, नात्यात, बिल्डिंगमध्ये कुणाकडे बोका असेल त्यांना सांगा: सारखा ट्रेमध्ये जातोय, शूची जागा चाटतोय, ओरडतोय, माती कोरडी आहे, तर घरगुती काही नाही, पोट दाबायचं नाही, थेट दवाखाना. वेळेत आणला तर भूल देऊन नळी घालता येते, आणि बहुतेक बोके पुन्हा घरभर फिरायला लागतात. मादीची नळी रुंद असल्यामुळे ती अशी सहसा अडत नाही. पण मनी थेंब-थेंब करायला लागली किंवा लघवीत रक्त दिसलं, तर तिलाही त्याच दिवशी दाखवायचं.

मुळात ही अडचण येते कुठून, तर मांजर कण्हत नाही. कुत्रं दुखलं तर आपल्यापाशी येतं, मांजर कपाटाखाली जातं. रानात ते उंदीर-पाखरांचं शिकारी असलं तरी स्वतःही कोणाची तरी शिकार आहे, आणि दुखणाईत दिसणं त्याला परवडत नाही. जुन्या बायका ज्याला दुखणं अंगावर काढणं म्हणतात, ते मांजर जन्मभर करतं. घुरघुरतंय म्हणजे बरं आहे, हेही खरं नाही. वेदनेत, मरणाच्या दारातसुद्धा मांजरं घुरघुरतात. त्यामुळे बघायचं असतं ते आपल्या मांजराची रोजची रीत कुठे मोडली का, हे. कोपऱ्यात झोपणारी एकदम अंगाला चिकटून बसायला लागली, माणसांत रमणारी पलंगाखाली राहायला लागली, अंग चाटून तुकतुकीत ठेवणारीच्या पाठीवर केसांच्या गाठी झाल्या, ट्रे सोडून पायपुसण्यावर शू केली. यातलं काहीही 'खोडी' म्हणून सोडून देऊ नका. मनीची रीत तुमच्याइतकी कुठल्याही डॉक्टरला माहीत नाही. ओटा आणि बादली तुम्हीच हेरलीत ना.

चेहराही वाचता येतो. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या मंडळींनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी तयार केली, 2019 साली ती प्रसिद्ध झाली. त्यात पाच गोष्टी बघतात. कान एकमेकांपासून दूर जाऊन बाहेर वळलेत का, डोळे अर्धवट आवळलेत का, नाका-तोंडाचा गोलवा जाऊन तो भाग ताणलेला दिसतो का, मिशा सैल न सोडता ताठ पुढे आल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. मनी जागी आणि निवांत असताना तिचा समोरून एक फोटो काढून ठेवा. पुढे शंका आली की त्याच्याशी ताडून बघता येईल.

श्वास मोजायला शिका, याचा मला फार भरवसा आहे. ती गाढ झोपली असताना शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. छातीची बाजू वर गेली आणि खाली आली, की एक. घड्याळ लावून 30 सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. झोपेत मिनिटाला 30 च्या आत हवेत. दोन-तीनदा मोजूनही त्याच्या वर येत असतील तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. आणि मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल, तर मोजत बसायचं नाही, निघायचं. गाडीत त्याला कुशीत आवळू नका, औषध पाजू नका, टोपलीत मोकळं बसू द्या.

नाकाला हात लावून ताप कळत नाही. नाक ओलं की कोरडं, यावरून मी आजवर काहीच ठरवलेलं नाही. मांजराचं अंग एरवीही आपल्याला गरम लागतं, कारण त्याचं नेहमीचं तापमानच 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. त्यापेक्षा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी होते, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढुरकी, निळसर किंवा पिवळी हिरडी ही कुठल्याही वेळी डॉक्टरांना उठवण्यासारखी गोष्ट आहे. कावीळ कानाच्या आतल्या फिक्या कातडीवरही दिसते, दिवसाउजेडी खिडकीपाशी बघा.

खाणं सुटलं तर किती थांबायचं? एक दिवस अन्नाला अजिबात तोंड लावलं नाही, की फोन करायचा. 'भूक लागली की खाईल' हे मांजराला लागू होत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, शरीरातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृत बसतं. मूळ कारण किरकोळ असलं तरी हे नवं दुखणं जीव घेऊ शकतं. पिल्लांच्या बाबतीत दिवसभरसुद्धा थांबू नये. लस न झालेलं पिल्लू उलट्या-जुलाबांनी मलूल पडलं, तर त्याला त्याच तासाला हलवावं.

मागचे पाय एकाएकी ओढायला लागली, जोरात ओरडतेय आणि ते पंजे गार आहेत, तर रक्ताची गुठळी अडकलेली असते. यातही धावायचंच. बाहुल्या मोठ्या राहून ती भिंतींना धडकायला लागली, तर रक्तदाबाने नजर गेलेली असू शकते. मनीच्या वयाला आणि तिच्या लक्षणांना हे लागू आहे, म्हणून रक्तदाब सांगितला.

पेठेतल्या घरात आणखी एका गोष्टीपायी माझा जीव वर-खाली होतो, तो म्हणजे दोरा. देवाच्या हाराचा, गजऱ्याचा, शिवणयंत्राचा. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. मग त्याचं एक टोक जिभेखाली अडकतं आणि उरलेला दोरा आतडी चुणीसारखी गोळा करत जातो. मांजर सारखं ओकत असेल, तर हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तरी ओढायचं नाही, आतडं चिरतं. शिळे हार उतरवले की लगेच झाकणाच्या डब्यात टाका. भेट आलेल्या फुलांच्या गुच्छात मोठ्या पाकळ्यांची लिली असेल तर ती घरातच आणू नका. तिचे पराग अंगावर पडून चाटले गेले, तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

आणि हात जोडून सांगते, माणसाची तापाची गोळी नाही. पॅरासिटामॉल पचवायची सोय मांजराच्या यकृतात नाही. अर्ध्या गोळीनेसुद्धा मांजरं दगावतात. दुखण्यावरची आपली इतर औषधंही नाहीत, 'लहान मुलाचा डोस' म्हणूनसुद्धा नाहीत.

वजनाचं एक लावून घ्या. दर रविवारी, त्याच वेळी. तुमच्या साध्या वजनकाट्यावर 200-300 ग्रॅमचा फरक हरवून जातो, म्हणून बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, मनीला कापडी पिशवीत बसवून तोला, पिशवीचं वजन वजा करा आणि कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहा. 4 किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम उतरलं तर दहावा हिस्सा गेला, 60 किलोच्या बाईचे 6 किलो जावेत तसं. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण रोज बघणाऱ्याला झीज कळत नाही आणि केस सगळं झाकतात. हातानेही बघता येतं. आपली मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. फासळ्या तशा लागल्या तर मांजर फार वाळलंय. आपला हात उघडा पसरून पंजाच्या वरच्या बाजूच्या हाडांवरून बोट फिरवलं की जेवढं लागतं, फासळ्या तेवढ्याच लागायला हव्यात.

मनी घाबरट असेल तर टोपली आजच माळ्यावरून काढा. झाकण उघडं ठेवून, आत तिची जुनी चादर घालून, ती जिथे झोपते तिथे ठेवा. आयत्या वेळी काढलेली टोपली दिसली की ती फडताळामागे जाईल आणि तुमची वेळ चुकेल. नेताना वरून पातळ टॉवेल टाका, लक्ष्मी रोडच्या हॉर्नचा धसका कमी बसतो. तपासणीआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, पण पाणी शेवटपर्यंत असू दे. सकाळची लघवी मिळाली तर उत्तम. ट्रेमध्ये मातीऐवजी धुतलेली, कोरडी, चकचकीत खडी टाकलीत तर ती खाली साचते, सिरिंजने ओढून स्वच्छ बाटलीत घ्या.

तुम्ही पेठेत राहता म्हणून आणखी एक. विसर्जनाच्या दिवशी सकाळी मिरवणूक सुरू झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत तुमच्या आसपासचे रस्ते बंद असतात. मनीला औषधं किंवा सलाईन सुरू झालं, तर त्या दोन दिवसांची सोय आधीच बोलून ठेवा. नदीपलीकडचा रात्री उघडा असलेला एक दवाखाना हेरून ठेवा आणि त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने लघवीची दुखणी उसळतात. त्या दिवसांत तिला आतल्या खोलीत पाणी, ट्रे आणि लपायला एक खोकं द्या.

मूत्रपिंडांचं निघालं तर खचून जाऊ नका. फॉस्फरस कमी असलेलं खाणं, भरपूर पाणी आणि गरज पडेल तसं कातडीखाली सलाईन, यावर वर्षानुवर्षं चांगली राहिलेली मांजरं माझ्याकडे येतात. थायरॉइडला गोळी आहे, मधुमेहाला इन्सुलिन आहे, आणि सुई टोचायला तुम्ही आठवड्यात शिकाल. तपासण्यांचे कागद आले की मला पुन्हा लिहा. वजन, दिवसाचं पाणी, क्रिएटिनिन, टी-फोर, साखर, रक्तदाब आणि लघवीची घनता एवढे आकडे कळवा, आणि ती काय व किती खाते तेही. तिचं ताट कसं लावायचं ते त्यावरून ठरवू.